दिवेबाबाची पट्टी

सकाळचे नऊ वाजले, की नगरच्या वेशीबाहेरच्या धर्मार्थ इस्पितळामागं जत्रा भरायची. इस्पितळाची मागची भिंत आदल्या पावसात ढासळली होती आणि सिमेंटला परवाना मिळेना, म्हणून ती गुडघ्याएवढीच उरली होती. भिंतीपलीकडं लिंबाचं झाड, झाडाला दगडी पार, आणि पारावर काळ्या घोंगडीवर बसलेला दिवेबाबा. समोर शे-दीडशे माणसं. शेवगावची, कर्जतची, जामखेडची. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या पदराला बांधलेली ज्वारी. रेशनच्या त्या दिवसांत पोटाला चिमटा घेऊन आणलेली.

"पाठ करा! इस्पितळाकडं पाठ, माझ्याकडं तोंड!" बाबा ओरडायचा. "आत यम हिंडतोय! त्यानं तुमचं तोंड पाहिलं, तर रोग्याच्या जोडीला तुम्हालाही घेऊन जाईल!"

माणसं घाईघाईनं पाठ करून बसायची. जी आडवी बसली असतील त्यांना शेजारचे ओढून नीट बसवायचे.

"राम म्हणा, रहीम म्हणा, दिव्याची भाषा एकच! तेल पिणार आणि खरं बोलणार! डॉक्टर धरतो हाताची नाडी, मी धरतो जिवाची! हिरव्या पट्टीचं कोण आहे?"

हिरव्या पट्टीचा माणूस गुडघ्यांवर पुढं सरकायचा. बाबा डोळे मिटायचा, मान हलवायचा, मग डोळे उघडून लोकांच्या डोक्यांवरून लांब कुठंतरी बघायचा, जणू आभाळातलं वाचतोय. शेजारच्या टोपलीखालून एक पणती काढायचा आणि पेटवायचा. सगळं गप्प. बाबाची माळ सरकत राहायची. माळ संपेपर्यंत ज्योत तशीच उभी राहिली, तर तो आरोळी ठोकायचा, "राहिला! दिवा राहिला! आठ दिवसांत तुझा बाप चालत घरी येईल!"

आणि आठ दिवसांत बाप खरोखर चालत घरी जायचा.

कधी मात्र ज्योत मध्येच तडतडायची, काळी पडायची आणि विझायची. बाबा डोक्यावर घोंगडी ओढून घ्यायचा. "गेला. घरी न्या. आपल्या उंबऱ्यात मरू द्या." मग बायका हंबरडा फोडायच्या. आणि तो रोगी दोन-चार दिवसांत खरोखर जायचा.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. रॉकेल चिठ्ठीवर मिळायचं आणि चांगलं औषध ओळखीवर. दिवेबाबा तेवढा बिनचिठ्ठीचा. त्याचा शब्द चुकलेला कुणी पाहिला नव्हता. गाड्या आधी पाराशी सुटायच्या, मग इस्पितळाच्या दारात जायच्या. तिथला फौजदारसुद्धा सासूचा दिवा लावून घेऊन गेला होता.

बाबाची एकच अट होती. प्रत्येक रोग्यासाठी तो कापडाची एक पट्टी द्यायचा. कुणाला लाल, कुणाला हिरवी, कुणाला पिवळ्यावर काळी. ती रोग्याच्या कपाळाला बांधायची आणि काही झालं तरी झाकायची नाही.

त्या पट्ट्या नीट ठेवायचं काम कमरुद्दीन करायचा.

कमरुद्दीन इस्पितळाचा हमाल. चौदा वर्षं तो रोग्यांना एका जागेवरून दुसऱ्या जागी नेत होता. पूर्वी झोळीतून, आता लष्करी छावणीच्या लिलावातून आलेल्या रबरी चाकांच्या ढकलगाडीवरून. इस्पितळ म्हणजे एका अंगणाभोवतीच्या सुट्या सुट्या इमारती. पुरुषांचा वॉर्ड, बायकांचा वॉर्ड, ऑपरेशनची खोली, पूर्वेची ओसरी. कुठूनही कुठं जायचं तरी उघड्या अंगणातून. माणूस सुधारायला लागला, की सकाळच्या उन्हासाठी डॉक्टरीणबाई त्याला ओसरीवर हलवायला सांगत. ज्याची आशा संपली त्याला कोपऱ्याच्या खोलीत, म्हणजे इतर रोग्यांना मरण बघावं लागू नये. त्या खोलीला लागूनच मुडदाघर. दोन्ही वाटांवर ढकलगाडी कमरुद्दीनचीच.

"चाचा, तेवढी पट्टी झाकू नका बरं का," नातेवाईक हात जोडायचे. मग तो रोग्याची चादर हनुवटीच्या खाली खोचायचा, घसरलेली पट्टी कपाळावर सारखी करायचा. त्याला ते सवाबाचं, पुण्याचं काम वाटायचं. बाबा खरा की खोटा, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. जे सांगतो ते होतं, एवढं मात्र तो रोज बघत होता.

वैशाखात छबूबाई आली. जामखेडकडची, बावीस वर्षांची. गोठ्यात पायात गंजका खिळा घुसला होता. आठवड्यानं दातखिळी बसली, पाठ ताठ झाली. नवरा भिमाजी आणि सासू गोजरबाई तिला गाडीत घालून घेऊन आले. येता येता पाराशी थांबून हिरवी पट्टी बांधून आणली.

डॉ. विजयमाला शिरसाठ यांनी तिला पाहिलं. इस्पितळात सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. "धनुर्वात," त्या म्हणाल्या. त्यांनी पुण्याला माणूस पाठवून विषावरच्या इंजेक्शनच्या कुप्या मागवल्या. पाच दिवस छबूबाई धनुष्यासारखी वाकत होती. कुणी बादली आपटली, कुणी दार लोटलं, डोळ्यांवर ऊन आलं, तरी झटका यायचा. सहाव्या दिवशी तिचा जबडा बोटभर उघडला. डॉक्टरीणबाईंनी स्वतः चमच्यानं दूध घातलं. दोन चमचे गेले.

"उतार पडला," त्या कमरुद्दीनला म्हणाल्या. "पण वॉर्डात बाळंतिणी ओरडताहेत, हिला इथं ठेवून चालणार नाही. कोपऱ्याची खोली रिकामी आहे ना? खिडकीला काळं कापड लावा. आता हिला अंधार हवा आणि शांतता हवी."

कमरुद्दीननं चाकांना तेल घातलं. गाडी अशी नेली, की वाटेतला खडाही तो आधी पायानं बाजूला करत होता. छबूबाईचे डोळे त्याच्याकडे होते. बोलता येत नव्हतं. हिरवी पट्टी घसरली होती, ती त्यानं सारखी केली. सकाळचे साडेनऊ वाजले होते. पडक्या भिंतीपलीकडं लोक पाठ करून बसले होते.

दहा वाजता भिंतीपलीकडून गोजरबाईंचा हंबरडा ऐकू आला.

नातेवाइकांना आत सोडायची वेळ दुपारी चारची. चार वाजता गोजरबाई आणि भिमाजी बायकांच्या वॉर्डात गेले, तर खाट मोकळी. कुणीतरी बोटानं कोपऱ्याची खोली दाखवली. तिथं काळं कापड लावलेली खिडकी बघून गोजरबाई डॉक्टरीणबाईंपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"बाबा सकाळीच म्हनले हुते," त्या म्हणाल्या. "आन् तुमी आमच्यापासनं लपवून ठेवलंत."

"आजी, ती मरत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती सुधारतेय. तिला अंधार हवा म्हणून इथं आणलं."

"सुधारतीय तर मुडद्याच्या शेजारी कशाला टाकली?"

"दुसरी अंधारी खोली नाही आमच्याकडं."

"मग तवाच का न्हाई सांगितलं? कुनी इचारलं आमाला?"

कुणी सांगितलं नव्हतं हे खरंच होतं. इस्पितळात रोगी कुठून कुठं हलवला हे नातेवाइकांना सांगायची पद्धतच नव्हती.

"आमचं मानूस आमच्या घरात मरू द्या," गोजरबाई म्हणाल्या.

"गाडीच्या धक्क्यांनी ती वाटेतच जाईल! आजी, मी पाया पडते. आठ दिवस द्या मला."

भिमाजी मध्ये उभा होता. तो एकदा आईकडं, एकदा डॉक्टरीणबाईंकडं बघत होता. शेवटी म्हणाला, "बाबांचा शबूद आजवर खोटा पडला न्हाई, बाईसायेब."

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी तिला उचललं. गाडीत ठेवायला हात कमरुद्दीनचेच. इस्पितळाची एक घोंगडी अंगाखाली, एक अंगावर. बैल हलले, पहिला धक्का बसला आणि छबूबाईची पाठ गाडीच्या फळीवरून वर उचलली गेली. डॉक्टरीणबाई वेशीपर्यंत गाडीमागं चालत गेल्या. मग उन्हात तिथंच उभ्या राहिल्या.

चौथ्या दिवशी कुणा गाडीवानानं बातमी आणली. चिचोंडी गावाच्या अलीकडं, भर दुपारी, चाकोऱ्यांच्या रस्त्यात ती गेली होती.

पारावर त्या दिवशी नारळांचा ढीग पडला. "मी सांगितलं होतं!" बाबा गरजत होता. "डॉक्टरीण म्हणाली सुधारतेय! दिवा म्हणाला गेली! कोण खरं?"

"दिवा!" दीडशे गळे ओरडले.

कमरुद्दीन अंगणात रिकामी गाडी धरून उभा होता. डॉक्टरीणबाई त्याच्यामागून जाता जाता थांबल्या. "कमरुद्दीन, ती बरी होत होती हो," एवढंच म्हणून त्या वॉर्डात गेल्या.

ते वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. ती बरी होत होती. मग बाबाला मरण कुठून दिसलं? बाबाला जिवाची नाडी कळत असती, तर त्या सकाळी दिवा राहायला हवा होता. छबूबाईच्या अंगात त्या सकाळी मरण नव्हतंच. तिच्या अंगात दोन चमचे दूध होतं. मरण फक्त खोलीला चिकटलेलं होतं. आणि त्या खोलीत तिला कुणी नेलं?

दुपारी एकच्या सुमाराला पार रिकामा असायचा. बाबा मळ्यातल्या विहिरीवर आंघोळीला जायचा. कमरुद्दीन भिंत ओलांडून पलीकडं गेला, इकडं तिकडं पाहिलं आणि बाबाच्या घोंगडीवर बसला.

समोर सगळं इस्पितळ पसरलं होतं. बायकांच्या वॉर्डाचं दार, पुरुषांच्या वॉर्डाचं दार, पूर्वेची ओसरी, तिच्यावर सावलीला बसलेले दोघे, एकाच्या कपाळावरची लाल पट्टीसुद्धा. आणि उजव्या हाताला, लिंबाच्या फांदीखालून सरळ दिसणारं कोपऱ्याच्या खोलीचं दार. मधे अंगण, आणि अंगणात त्याची स्वतःची ढकलगाडी.

चौदा वर्षं तो गाडी ढकलत होता आणि गेल्या दहा महिन्यांत त्यानं ढकललेला प्रत्येक रोगी या घोंगडीवरून मोजला जात होता. कुठल्या रंगाची पट्टी कुठं गेली, एवढं बघितलं की झालं. ओसरीवर गेली तर राहिला. कोपऱ्यात गेली तर गेला. आणि कुणी वळून बघू नये म्हणून यम!

उठता उठता त्यानं टोपली उचलून खालच्या पणत्याही पाहिल्या, आणि एकीत बोट बुडवलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "फौजदाराला सांगू," त्या म्हणाल्या. मग त्यांनाच फौजदाराची सासू आठवली. "बरं, उद्यापासून पट्ट्याच काढून टाकू."

ते करून पाहिलं. दोन दिवसांत एक म्हातारा न्यूमोनियानं गेला आणि पारावरून आरोळी आली, "पट्टी काढली, दिवा रुसला!" नातेवाईक दगड घेऊन दारात आले. पट्ट्या परत बांधाव्या लागल्या.

"मी पारावर जाऊन सांगतो सगळ्यांना," कमरुद्दीन म्हणाला.

"तुम्ही नका सांगू." डॉक्टरीणबाईंनी आवाज खाली आणला. "दिवस कसे आहेत बघताय ना? मुसलमानानं बाबावर हात टाकला, एवढंच शहरभर होईल. दिवा राहील बाजूला आणि माणसं एकमेकांची डोकी फोडतील."

ते खरं होतं. कमरुद्दीन रोज गाडी ढकलत राहिला आणि रोज दहा वाजता भिंतीपलीकडचा आवाज ऐकत राहिला.

पंधराव्या दिवशी भिमाजी आला. बरोबर त्याची बहीण बनुबाई होती. इस्पितळाच्या दोन घोंगड्या त्यानं धुऊन, घड्या घालून आणल्या होत्या.

"तुमच्या हुत्या. परत द्यायला आलो." डोकं भादरलेलं, डोळे खोल गेलेले. काखेत एक नारळ होता.

"हा कशाला?" कमरुद्दीननं विचारलं.

"बाबांना. खरं सांगितलं त्यांनी. न्हाईतर हितंच परक्या जागी गेली असती. गाडीत का हुईना, आपल्या मानसांत गेली."

कमरुद्दीननं घोंगड्या घेतल्या. त्याला वाटलं, जाऊ द्यावं याला. नारळ देईल, घरी जाईल, एवढं समाधान घेऊन जगेल. खरं कळून बायको तर परत येणार नाही. पण तो नारळ बघून त्याला राहवेना.

"बस," तो म्हणाला. "बाई, तुम्हीही बसा."

त्यानं सगळं सांगितलं. अंधार का हवा होता ते. दोन चमचे दूध. पारावरून काय दिसतं ते. पणत्यांचंही. "आणि तिथं तिला नेलं मी. पट्टी सारखी केली ती मीच. त्याचा डोळा मीच झालो होतो, मला कळलंसुद्धा नाही."

भिमाजीनं त्याची गचांडी धरली. कमरुद्दीननं हात वर केले नाहीत. मग भिमाजीची पकड आपोआप सुटली आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.

"वाचली असती का?"

"नक्की कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, इतकी सुधारलेली माणसं दहात सहा-सात वाचतात."

"सा-सात." भिमाजी जमिनीकडं बघत होता. "चिचोंडीपाशी तिनं माझा हात घट धरला हुता, चाचा. मला वाटलं, निरोप घेतीया. गाडी थांबवा म्हनत आसंल ती."

बनुबाईनं तोंडात पदर कोंबला.

थोड्या वेळानं भिमाजीनं डोळे पुसले. "तुमी गेला तर दंगा हुईल म्हनता. मी गेलो तर?"

"तू नुसतं जाऊन बोललास, तर दुःखानं वेडा झालाय म्हणतील."

"मग मला झोपवा तुमच्या गाडीवर."

डॉक्टरीणबाई आधी तयार होईनात. इस्पितळात असले खेळ नकोत, म्हणाल्या. मग ओसरीवरून भिंतीपलीकडं बघत उभ्या राहिल्या. तिथं कुणीतरी बाई रडत होती. "खऱ्या रोग्याला यात आणायचं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि बाबाला कुणी हात लावायचा नाही. कबूल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई डोक्यावर पदर घेऊन पाराशी गेली. तिला बाबानं कधी पाहिलेलं नव्हतं. "माज्या मालकाच्या पोटात काल सांजपासनं कळ उठलीया," ती म्हणाली. बाबानं लाल-पांढरी पट्टी दिली. ती घेऊन ती आत आली, भिमाजीच्या कपाळाला बांधली आणि परत जाऊन गर्दीत पुढं बसली.

साडेनवाला कमरुद्दीननं गाडी बाहेर काढली. गाडीवर भिमाजी, चादर हनुवटीपर्यंत, डोळे मिटलेले. आज कमरुद्दीननं खडे पायानं बाजूला केले नाहीत. तो अंगणाच्या मधोमध गेला, भिंतीच्या बाजूनं वळसा घेतला, कोपऱ्याच्या खोलीशी थांबला, दार उघडलं, गाडी आत घातली आणि दार लावून घेतलं. आत भिमाजी डोळे उघडून त्या काळ्या कापडाच्या खिडकीकडं बघत पडला होता. ते कापड अजून कुणी काढलं नव्हतं.

"चाचा," तो म्हणाला, "हितं थंड हाय."

"होय."

भिंतीपलीकडून आवाज आला. "लाल-पांढऱ्या पट्टीचं कोण?"

बनुबाई पुढं सरकली. बाबानं डोळे मिटले, उघडले, लोकांच्या डोक्यांवरून लांब पाहिलं, टोपलीखालची पणती काढली. ज्योत उभी राहिली. माळ सरकू लागली. अर्ध्या माळेवर ज्योत तडतडली, एकदा उसळली आणि विझली.

"गेला!" बाबानं घोंगडी डोक्यावर घेतली. "पोरी, दोन दिवस उरलेत. घरी ने. आपल्या उंबऱ्यात मरू दे."

बनुबाई रडली नाही. "बाबा, नीट बघा की."

"दिवा दोनदा बोलत नाही!"

"मग समद्यास्नी ऐकू जाईल असं सांगा. माजं मानूस जानार?"

"जाणार! त्रिवार जाणार! ब्रह्मदेव आला तरी वाचत नाही!"

"मागं बघा," बनुबाई लोकांना म्हणाली. कुणी हललं नाही. दहा महिन्यांची सवय आणि यमाची भीती. तेव्हा ती स्वतः उठली, वळली आणि मोठ्यानं हाक मारली, "भिमादादा!"

कोपऱ्याच्या खोलीचं दार उघडलं. कपाळावर लाल-पांढरी पट्टी बांधलेला धडधाकट माणूस अंगण ओलांडून, भिंतीवरून पाय टाकून गर्दीत आला. आता मात्र एकेक करून सगळी डोकी फिरली.

"मला वळखलं का, बाबा?" भिमाजी म्हणाला. "पंधरा दिवसांमागं तुमी माज्या बायकूला मारलं. आज मला मारलं. मी तर जिता हाय."

गर्दीत कुजबुज झाली. बाबाची नजर भिंतीपाशी आलेल्या कमरुद्दीनवर गेली आणि तो ताडकन उठला. "कळलं! हा त्या मुसलमानाचा कट आहे! आमचा देव बाटवायला निघालाय! अरे, बघता काय?"

दोघे-तिघे उठले. तेवढ्यात गर्दीतून खातून नावाची एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. तिचा मुलगा पुरुषांच्या वॉर्डात होता. "बाबा, परवापर्यंत माझा नारळ तुम्हाला चालत होता," ती म्हणाली. "माझ्या मुलाची पट्टी तुमच्याच हातची. तेव्हा देव बाटला नाही?"

उठलेले लोक एकमेकांकडं बघत उभे राहिले.

"चाचांनी माजा हात धरून मला इथं आनलेलं न्हाई," भिमाजी म्हणाला. "माज्या पायांनी आलोय." तो पारावर चढला, टोपली उलटी केली आणि दोन पणत्या उचलल्या. एकीच्या काठाला टवका होता, दुसरीच्या नव्हता. त्यानं बिनटवक्याची पणती पाराच्या दगडावर ओतली. तेल संथपणे पसरलं. मग टवक्याची ओतली. दगडावरून पाणी खळकन वाहत गेलं, वर तेलाचा पातळ थर तरंगत. "वरलं तेल संपलं की वात पान्यात. मग तडतडनार न्हाई तर काय करंल? जगवायचं आसंल तवा ही, मारायचं आसंल तवा ती."

"पण त्याला कळतं कसं, कुणाला कोणती लावायची?" मागून कुणीतरी विचारलं.

"या. हितं येऊन बसा."

आधी कुणी येईना. मग कर्जतकडचा एक म्हातारा शेतकरी पागोटं सावरत वर चढला आणि बाबाच्या घोंगडीवर बसला. कमरुद्दीन परत अंगणात गेला आणि रिकामी गाडी ओसरीकडं, तिथून कोपऱ्याच्या खोलीकडं हळूहळू ढकलत नेली. म्हातारा तिच्यामागं मान वळवत राहिला.

"आरं तिच्या," तो म्हणाला. "समदं दिसतंय की."

त्याच्यामागं दुसरा बसला, मग तिसरा. बायका बसल्या. प्रत्येकजण बघायचा आणि उतरताना कुणाकडं न बघता उतरायचा. त्यातल्या किती जणांनी आपलं माणूस घरी नेलं होतं, हे ज्याचं त्यालाच माहीत. एक बाई उतरलीच नाही. तिथंच बसून तिनं कपाळ पारावर आपटायला सुरुवात केली, तिला दोघींनी धरून उतरवलं.

मग मात्र माणसं बाबावर धावली. डॉक्टरीणबाई भिंत ओलांडून मध्ये उभ्या राहिल्या म्हणून तो वाचला. फौजदार मान खाली घालून त्याला घेऊन गेला. दोन महिन्यांनी तो सुटला असं ऐकू आलं. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात दुसरं झाड, दुसरा पार त्याला मिळालाच असेल. नगरातही सगळ्यांना पटलं असं नाही. पाण्याच्या पणतीतही देवाची इच्छा असेल, असं म्हणणारी माणसं पुढं कितीतरी दिवस भेटत होती.

भिमाजी संध्याकाळी निघाला. "आईला सांगू का?" त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं. "तिनंच हट धरला हुता. ती खंगून जाईल."

"दोष एकट्या आजींचा नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनी मला विचारलं होतं, तवाच का नाही सांगितलं म्हणून. आम्ही सांगत असतो, तर त्या माणसाचं दुकान चाललंच नसतं. हेही सांगा त्यांना. पण सांगा."

त्या दिवसापासून इस्पितळात एक नवी रीत सुरू झाली. रोग्याला हलवायच्या आधी त्याच्या एका माणसाला आत बोलवायचं आणि कुठं नेतोय, का नेतोय, ते समजावून सांगायचं. ते काम कमरुद्दीनकडं आलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला कळेल अशा भाषेत त्याच्याइतकं नीट कुणाला सांगता येत नव्हतं. कोपऱ्याच्या खोलीकडं नेताना तो खोटं बोलायचा नाही. "आशा नाही," असं सांगायला लागलं तरी सांगायचा.

भाद्रपदात जामखेडकडून एक गाडी आली. गाडीत भावकीतली आठ-नऊ वर्षांची पोरगी, दातखिळी बसलेली, आणि तिच्या उशाशी गोजरबाई. तीन महिन्यांत त्यांचं वय दहा वर्षांनी वाढलं होतं. त्यांनी कमरुद्दीनच्या नजरेला नजर दिली नाही. पोरीला ढकलगाडीवर घेतलं, तेव्हा त्यांनी गाडीचा दांडा धरून ठेवला.

"कुटं नेता?"

"कोपऱ्याच्या खोलीत, आजी."

"का?"

"तिथं अंधार आहे. आवाज नाही. आवाजानं झटका येतो."

"औषिद कोनतं देनार?"

"विषावरचं इंजेक्शन. पुण्याहून आलंय. दोन दिवसांनी फरक कळेल. कदाचित कळणारही नाही."

"आन् मरत आसंल तर सांगाल?"

"सांगेन."

त्यांनी परत पहिल्यापासून विचारलं. कमरुद्दीननं परत पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा सांगितलं. मग त्यांनी दांडा सोडला.

ती पोरगी तेविसाव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेली. ती वाचली नसती, तरी गोजरबाईंनी विचारलं ते बरोबरच होतं. कुठं नेता, का नेता, कशावरून म्हणता, हे डॉक्टरला विचारावं, हमालाला विचारावं, बाबालाही विचारावं. सांगणारा खरा असेल तर तो तिसऱ्यांदाही सांगेल. जो विचारू देत नाही, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नये.